चऱ्याच्या तळाशी

भाईंदरला राहणाऱ्यांच्या ओठांवर वारा मीठ ठेवून जातो. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि मधल्या सखल भागात ज्यांत पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकले ती मिठागरे. अशा गावात खिडकीचे गज, सायकलची साखळी, शाळेच्या फाटकाची बिजागरी, सगळ्यांना गंज लवकर गाठतो.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आमच्या गाडीचे दार फाटकाला घासले. केसासारखा बारीक, पण वीतभर लांब चरा पडला. आम्ही दुर्लक्ष केले. दिवाळीपर्यंत चऱ्याच्या कडेने रंग फुगला, नखाने खरवडताच पापुद्रा निघाला आणि खाली तांबूस भुगा दिसला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तेव्हाच नेलपॉलिश लावून टाकायचे होते!" आम्ही हसलो. पुढे वाहनांच्या रंगाचा इतिहास वाचताना कळले, की हसण्यासारखे त्यात फारसे काही नव्हते.

मोटारीने आपला रंग घोडागाडीकडून घेतला आणि त्या रंगाचा आधार होता जवसाचे तेल. विदर्भात ज्या जवसाची चटणी करतात, तेच हे जवस. त्याच्या तेलाचा पातळ थर हवेत उघडा राहिला तर काही दिवसांत त्याचा चिवट पापुद्रा होतो. पाणी वाळते तसे हे तेल वाळत नाही. त्यातून पाण्यासारखी वाफ उडून जात नाही. उलट हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. एका काचपट्टीवर जवसाचे आणि दुसरीवर शेंगदाण्याचे तेल चोपडून दोन आठवडे ठेवा. शेंगदाण्याचे तेल तेलकटच राहील. वर्गात करून पाहण्याजोगा याहून स्वस्त प्रयोग आम्हाला ठाऊक नाही.

चकाकीसाठी या तेलात चंद्रूस वितळवून रोगण करीत. चंद्रूस म्हणजे झाडाचा राळेसारखा चीक, पण फार जुना, जमिनीत गाडला जाऊन कठीण झालेला. एकोणिसाव्या शतकात उत्तम चंद्रूस पूर्व आफ्रिकेतून, झांजिबारच्या बाजारातून येई. त्यातला बराच माल मुंबईमार्गे पुढे जाई. इतका, की परदेशी व्यापारी त्याला 'बॉम्बे' या नावानेही ओळखत.

या रोगणाची अडचण एकच होती, ते वाळता वाळत नसे. एक थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा थर. एक गाडी रंगवायला आठवडे लागत. १९१३ साली फोर्डच्या कारखान्यात सरकती जोडणी सुरू झाली आणि गाड्या भराभर तयार होऊ लागल्या, तेव्हा रंगशाळा ही सगळ्यांत अरुंद गल्ली ठरली. फोर्डने डांबरासारखा पदार्थ आणि जवसाचे तेल यांचा काळा रंग भट्टीत भाजून वेळ वाचवला. १९१४ ते १९२५ या काळातली त्यांची 'मॉडेल टी' काळीच मिळे, त्यामागे हा स्वस्त आणि टिकाऊ रंग होता.

दुसरी वाट निघाली ती बंदुकीच्या दारूतून. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज होते, म्हणजेच 'गनकॉटन'. पहिल्या महायुद्धात ते प्रचंड प्रमाणात बनवलेल्या अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीपुढे युद्ध संपल्यावर प्रश्न पडला, की आता याचे करायचे काय? द्रावकात विरघळवून ते फवारता येई, पण द्रावण मधासारखे दाट. पातळ करावे तर थर इतका विरळ बसे, की उपयोग नाही. १९२० साली कंपनीच्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत काही द्रावण अनपेक्षितपणे पातळ झालेले आढळले. द्रावक वाढवला नव्हता, पदार्थ तेवढाच, आणि तरी ते पातळ! त्या धाग्यावरून संशोधन होऊन 'ड्युको' हा रंग तयार झाला आणि १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर चढला. यात नुसता द्रावक उडून जायचा, म्हणून आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडच्या रंगाऱ्यांच्या तोंडी 'ड्युको मारणे' हा शब्दप्रयोग रुळला तो त्यावरूनच, मग डब्यात कोणताही रंग असो.

नेलपॉलिशही याच घराण्यातले. त्यातही मुख्य द्रव्य नायट्रोसेल्युलोजच असते. तेव्हा ड्युकोच्या काळात वहिनींचा सल्ला रसायनशास्त्राला धरून झाला असता! अशा रंगाचा एक गुण दुरुस्तीला फार सोयीचा होता. वाळल्यावरही तो आपल्या द्रावकात पुन्हा विरघळतो. चऱ्यावर नवा थेंब टाकला की त्यातला द्रावक जुन्या रंगाची कड किंचित विरघळवी आणि नवे-जुने एकजीव होई.

घरी चरा दुरुस्त करताना आपण हाती घेतो त्या दोन वस्तूही त्याच दशकातल्या. पूर्वी रंग कोरडा घासत. रंगात शिशापासून बनवलेला सफेता असे, आणि ती धूळ कामगारांच्या पोटात जाई. पाण्यात भिजवून वापरता येणारा, धूळ न उडवणारा 'वॉटर पेपर' थ्री-एम कंपनीने १९२१ साली बाजारात आणला. तो फ्रान्सिस ओकी या शाई बनवणाऱ्या गृहस्थाच्या कल्पनेतून निघाला होता. या कागदाच्या चाचणीसाठी रंगशाळेत गेलेल्या रिचर्ड ड्रू या तरुणाने दुरंगी गाड्या रंगवणाऱ्यांची चिडचिड पाहिली. चिकटपट्टी काढताना तिच्याबरोबर ताजा रंगच उचकटून येई. त्यातून १९२५ साली अलगद निघणारी 'मास्किंग टेप' जन्मली. शिशाचा धोका मात्र इतिहासजमा झाला असे समजू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर २०१६च्या नियमांनी दशलक्षात ९० भाग अशी मर्यादा घातली, पण जुन्या गाडीच्या अंगावर काय आहे हे कुणी सांगावे? ती कोरडी घासू नये, आणि मुलांसमोर तर नाहीच नाही.

पुढे ड्युकोही मागे पडला, कारण त्याची चकाकी लवकर उतरे. १९३०च्या सुमारास अल्किड एनॅमल आले, नंतर अॅक्रिलिक. १९६०च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुवर यांच्या प्रयत्नांतून आख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने अस्तर चढवण्याची पद्धत सुरू झाली. १९८०नंतर रंगावर पारदर्शक थर देण्याची रीत पसरली. आजच्या गाडीवर पत्र्यालगतचे विजेने चढलेले अस्तर, मग दुसरे अस्तर, रंग आणि शेवटी पारदर्शक थर असतो. सगळे मिळून जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीच्या कागदाएवढी. हे थर बहुतेक भट्टीत पक्के होतात, त्यांचे रेणू जाळ्यासारखे बांधले जातात. ते थिनरने पुन्हा विरघळत नाहीत. म्हणून नेलपॉलिश आज आमच्या दारावर नुसते बसले असते, मिसळले नसते. तरीही चार दिवस हवा-पाणी अडवले असते, हे कबूल करायला हवे.

आणि भाईंदरला चार दिवसही मोलाचे आहेत. का, ते पाहायला प्रयोगशाळेत घासून लख्ख केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा. पाण्यात आधी थोडे पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फथॅलिन मिसळा. थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा आणि कड गुलाबी होते. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात अशा थेंबांवरून गंजण्याचे विद्युत-रसायन उलगडले. निळ्या जागी लोखंड विरघळते. गुलाबी जागी, जिथे ऑक्सिजन भरपूर मिळतो, तिथे अल्क तयार होते. मीठ या दोहोंमधला विजेचा मार्ग सोपा करते. चऱ्यातही तेच घडते. उघडे लोखंड विरघळते आणि रंगाच्या कडेखाली अल्क साचते. तेलापासून केलेल्या रंगाचे अल्काने काय होते, हे साबण बनवून पाहिलेल्या विद्यार्थ्याला सांगायला नको. आधुनिक रंग इतका लेचापेचा नाही, पण पत्र्यावरची त्याची पकड या अल्काने सुटते. आमच्या दाराचा फुगवटा तो हाच.

भाईंदर पूर्वेच्या वसाहतींत स्टीलची भांडी बनतात. त्यांवर रोज काथ्याने चरे पडतात, तरी ती गंजत नाहीत. त्या पोलादातले क्रोमियम ऑक्सिजनशी संयोग पावून अदृश्य, अतिशय पातळ कवच करते आणि चरा पडला की ते आपोआप पुन्हा तयार होते. गाडीच्या साध्या पत्र्याला ही देणगी नाही. त्याचे कवच आपल्यालाच भरून द्यावे लागते.

चऱ्यावर आडवे नख फिरवा. नख अडकले नाही तर चरा बहुधा पारदर्शक थरातच आहे, रबिंग कंपाऊंडने भागेल. अडकले आणि रंगाखालचे अस्तर दिसत असेल तर जुळणारा रंग बारीक कुंचल्याने भरून वर पारदर्शक थर द्यावा. पत्रा दिसत असेल तर थांबू नये. आमचे दार तिसऱ्या प्रकारातले. आधी गोड्या पाण्याने मीठ धुतले. हे न करता रंग लावला तर मीठ आतच कोंडले जाते. मास्किंग टेप लावून ओल्या वॉटर पेपरने धातू चमकेपर्यंत गंज काढला, पुसून पूर्ण वाळवले आणि लगेच गंजरोधक अस्तर दिले. मग रंगाचे तीन पातळ थर, दर वेळी मधे वाळू देऊन. वर पारदर्शक थर. आठवड्याने अगदी बारीक पेपर आणि कंपाऊंड.

रंग किंचित गडद जुळला, उन्हात ओळखू येतो. एक पावसाळा गेला आहे, अजून फुगलेला नाही. वहिनींना नायट्रोसेल्युलोजची हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी नेलपॉलिशची बाटली पुढे केली आणि पुढच्या बंपरवरचा दुसरा चरा दाखवला. तो बंपर प्लास्टिकचा होता.