डेटाबेसचे क्लस्टर : प्रतींइतकीच मोलाची लेखी नोंद

बँक वा रुग्णालयाची माहिती एकाच संगणकावर न ठेवता अनेक सर्व्हरवर तिच्या प्रती ठेवण्याच्या रचनेला डेटाबेसचे क्लस्टर म्हणतात. बहुधा एक सर्व्हर प्रमुख असतो व त्यावरील प्रत्येक नोंद दुय्यम सर्व्हरवर उतरते. प्रमुख बंद पडल्यास दुय्यम त्याची जागा घेतो.

परस्परांतील संपर्क तुटल्यास दोन सर्व्हरनी एकाच वेळी प्रमुखपद घेऊ नये, यासाठी अनेक क्लस्टरमध्ये निर्णय बहुमताने होतो. तीन सर्व्हरपैकी एक बंद पडला तरी दोघांचे बहुमत उरते. चारांत मात्र बहुमतासाठी तिघे लागतात. म्हणजे चौथा सर्व्हर वाढवूनही एकाच सर्व्हरचा बिघाड सोसता येतो.

प्रती कोठे आहेत, हेही महत्त्वाचे ठरते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून मुठेकाठच्या शनिवार पेठेत पाणी शिरले. अशा आपत्तीत एकाच इमारतीतील दोन्ही प्रती एकदम नष्ट होऊ शकतात. म्हणूनच एक प्रत दूरच्या शहरात ठेवली जाते.

तथापि, केवळ प्रती असणे पुरेसे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब' या कंपनीचा दुय्यम सर्व्हर मागे पडला. त्यावर नव्याने प्रत घेण्याची आज्ञा देताच ती काहीही न दर्शविता थांबून राहिली. तिचे असे थांबणे स्वाभाविक होते. पण कंपनीच्या कार्यपुस्तिकेत त्याची स्पष्ट नोंद नव्हती. काहीतरी बिघडले आहे, या समजुतीने अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरील माहिती पुसण्याची आज्ञा दिली. प्रत्यक्षात ती प्रमुख सर्व्हरवर चालली. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले. नेहमीचा बॅकअपही आवृत्तीतील फरकामुळे होत नसल्याचे तेव्हाच उघड झाले. सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या प्रतीवरून सेवा पूर्ववत झाली. मधल्या नोंदी मात्र गेल्या. कंपनीने या घटनेचा सविस्तर अहवाल जाहीर केला.

या घटनेवरून कार्यपुस्तिकेत काय असावे, हे स्पष्ट होते : प्रमुख सर्व्हर कोणता व तो कसा ओळखावा, आज्ञांचा क्रम, प्रत्येक आज्ञेस लागणारा वेळ, अंतिम निर्णय कोणाचा आणि बॅकअपवरून माहिती परत मिळविण्याची चाचणी शेवटी केव्हा झाली. ही पुस्तिका मध्यरात्री एकट्या असलेल्या नवख्या अभियंत्यालाही उमगली पाहिजे. तिची एक प्रत क्लस्टरबाहेर ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.