पगारी गोलंदाज : पालवणकर बाळू

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात कसब आणि मजुरी यांचे नाते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. हाताला कसब असले म्हणजे काम मिळते व कामाचे दाम मिळतात. परंतु दामाबरोबर मान मिळतोच असे नाही; आणि मान मिळाला तरी निर्णय घेणाऱ्यांच्या पंक्तीत जागा मिळते, असेही नाही. दाम, मान आणि अधिकार हे तीन निराळे टप्पे आहेत. येथून हाकेच्या अंतरावर असलेल्या पुण्यात, सव्वाशे वर्षांपूर्वी, एका खेळाडूने हे टप्पे गाठण्यासाठी काय केले, ते आपण पाहू.

पालवणकर बाळू याचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडास एका चांभार कुटुंबात झाला. मूळ गाव कोकणातील पालवण. वडील लष्करात नोकरीस असल्यामुळे मुलांचे बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पुढे एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याची व रोलर फिरविण्याची नोकरी बाळूला लागली. पगार महिना ३ रुपये. तेथून तो साहेब लोकांच्या क्लबात गेला, तेव्हा पगार ४ रुपये झाला. जाळी उभारावी, टेनिसच्या मैदानावर पांढऱ्या रेघा माराव्या, असे ते काम होते. एके दिवशी कोणा साहेबाने त्याला सरावासाठी चेंडू टाकावयास सांगितले, आणि त्याच्या डाव्या हातातील करामत सर्वांच्या नजरेस आली.

त्या काळचा नामांकित फलंदाज ग्रेग हा इतरांच्या आधी तासभर येऊन एकट्या बाळूच्या गोलंदाजीवर सराव करी. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस, असा त्याचा ठराव असल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या या माणसाच्या हाती त्या क्लबात बॅट कधी दिली गेली नाही. गोलंदाजी हे कष्टाचे काम, ते चाकराने करावे. फलंदाजी ही ऐटीची गोष्ट, ती साहेबाने करावी, अशी ही वाटणी होती. खुद्द इंग्लंडातही हौशी ‘जंटलमन’ आणि पगारी ‘प्लेअर’ असा भेद १९६२ पर्यंत अधिकृतपणे पाळला जात होता. आपल्याकडे त्या भेदावर जातीचा आणखी एक थर चढला, इतकेच.

पुण्यातील हिंदू खेळाडूंना युरोपियनांस हरवावयाचे होते, आणि हरविणारा गोलंदाज तर गावातच होता. त्याला घ्यावे की न घ्यावे यावर वाद झाला, आणि शेवटी बाळू संघात आला. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सर्वांनी हातात घ्यावयाचा, परंतु चहाच्या वेळी बाळूने पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा घ्यावयाचा, असा प्रकार चालला. जेवणाचे पानही निराळे. चामड्याच्या चेंडूला विटाळ नव्हता; कपाला होता!

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस गेला. तेथे त्याला रेल्वेत नोकरी मिळाली व हिंदू जिमखान्याच्या संघात स्थान मिळाले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने बॉम्बे जिमखान्याच्या युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. युरोपियनांचा दुसरा डाव १०२ धावांत आटोपला, आणि त्या विजयात बाळूचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडास गेला. संघाने जितके सामने जिंकले त्याहून अधिक गमावले. पण बाळूने दौऱ्यात ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात त्याचे आठ बळी होते. तेव्हा त्याची पस्तिशी जवळ आली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या पराक्रमाचे मोल कळते.

येथवर दाम झाले, मानही झाला, अधिकाराचे काय? सर्वांत ज्येष्ठ व यशस्वी खेळाडू असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूला कधी मिळाले नाही. कर्णधार झालेल्या पै यांनी स्वतः सांगितले की, हा मान बाळूचा होता. १९२० च्या चौरंगी सामन्यांत बाळूला वगळण्यात आले, आणि पै आजारी पडल्याने नेतृत्व तरुण देवधरांकडे गेले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे बाळूचे भाऊ संघाबाहेर पडले व आपली तक्रार त्यांनी जाहीरपणे मांडली. परिणाम असा झाला की बाळूला परत घेऊन उपकर्णधार करण्यात आले. पै मैदान सोडून गेले तेवढा वेळ संघ त्याच्या आज्ञेत खेळला. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाला आणि त्याच्या हाताखाली हिंदूंनी युरोपियनांना हरविले.

खेळाने जातिभेद मोडला, असे या कथेचे तात्पर्य काढण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हाला ते अर्धेच सत्य वाटते. बाळूच्या बोटांनी दार किलकिले केले. परंतु ते उघडले ते दोघा भावांच्या नकाराने. पंचवीस वर्षांच्या बळींनी जे झाले नाही, ते एका बहिष्काराने झाले.

पुढे बाळू राजकारणात पडला. १९३२ च्या पुणे करारावर त्याची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत तो मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभा राहिला आणि पराभूत झाला. त्याची ती वाट सर्वांना पटणारी नव्हती, पण तिने त्याच्या खेळाचे मोल कमी होत नाही. १९५५ च्या जुलैमध्ये तो वारला. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ चा. त्यामुळे कसोटीवीरांच्या यादीत त्याचे नाव नाही, आणि यादीत नाही म्हणून स्मरणातही फारसे नाही.

कौतुकाच्या टाळ्या आपण सहज देतो. पण ज्याच्या कसबावर आपण सामना जिंकतो, त्याला चहा कोठे व कशात देतो, आणि कर्णधार निवडताना त्याचे नाव घेतो की नाही, यावरच त्या टाळ्यांचा खरेपणा ठरतो.