आठवड्याची पेनी

ब्रिस्टल, फेब्रुवारी १७४२. मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीच्या 'न्यू रूम' या प्रार्थनागृहावरचं कर्ज फिटत नव्हतं. फॉय नावाच्या कप्तानाने तोड सुचवली: प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. ज्यांना तेवढंही झेपत नाही, अशा अकरा गरिबांची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली; त्यांची पेनी तो पदरचे घालून भरणार होता.

वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्यांना मग घराघरातलं जगणं दिसू लागलं. अमका नीट वागत नाही, अशा खबरा चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या कानावर आल्या. त्यांनी या वर्गणीचंच रूपांतर विचारपुशीत केलं. साधारण बारा जणांचा एक गट, त्याला एक प्रमुख, आणि दर आठवड्याच्या बैठकीत प्रत्येकाला एकच प्रश्न: तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय? दर तिमाहीला सभासदत्वाचं नवं तिकीट मिळे. ढिलाई दिसली तर ते अडे.

मार्च १७४३ मध्ये न्यूकॅसलला वेस्लींनी ६४ जणांना काढल्याची नोंद केली आहे. दारूपायी गेले १७, बायकोला मारणारा एक. सर्वांत मोठा आकडा मात्र २९ चा आहे, आणि त्यांचा दोष होता निष्काळजीपणा, थिल्लरपणा! उघड पापापेक्षा आतली सुस्ती वेस्लींना अधिक धोक्याची वाटत असावी, असं ही यादी वाचताना जाणवतं.

पुढे मेथडिस्ट सुस्थितीत आले. काटकसरीतून संपत्ती येते आणि संपत्तीपाठोपाठ गर्व, ही भीती वेस्लींनी १७८६ मध्येच लिहून ठेवली होती. शेवटी अमेरिकेतल्या दक्षिणी मेथडिस्ट चर्चने १८६६ मध्ये या आठवड्याच्या बैठकांची सक्ती उठवली.