पुणे धर्मप्रांत
रोमन कॅथलिक पंथाचा महाराष्ट्रातील एक धर्मप्रांत. स्थापना १ सप्टेंबर १८८६. चर्चच्या दप्तरी त्याचे नाव अद्याप ‘पूना’ असेच आहे. पुणे, सातारा, सांगली व सोलापूर हे जिल्हे त्यात मोडतात. मूळचा विस्तार याच्या कितीतरी पट होता. जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी तो उभा केला.

पुण्यातील कॅथलिक वस्ती मात्र धर्मप्रांताहून जुनी आहे. पेशव्यांच्या लष्करात गोव्याकडील ख्रिस्ती शिपाई व अधिकारी होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये जमीन दिली. क्वार्टर गेटजवळचे ‘सिटी चर्च’ ते हेच. त्यावर पाद्रोआदोचा, म्हणजे पोर्तुगालच्या राजाला पोपने दिलेल्या धर्मसंरक्षणाच्या हक्काचा, अंमल होता. इंग्रजी अमलात छावणीतील आयरिश सैनिकांसाठी सेंट पॅट्रिक चर्च (१८५०) बांधले गेले, ते रोमच्या धर्मप्रचार मंडळाच्या अधिकाराखाली. पुढे तेच धर्मप्रांताचे कॅथीड्रल झाले. एकाच गावात एकाच पंथाचे असे दोन अधिकार नांदत होते आणि त्यांच्यातील वाद श्रद्धेचे नसून सत्तेचे होते.

मुंबईच्या व्हिकॅरिएटमधून पुणे १८५४ मध्ये वेगळे काढण्यात आले. कॅप्युचिन संघ माघारी गेल्यावर १८५८ पर्यंत दोन्ही क्षेत्रे जेझुइटांकडे आली. मात्र पुण्याचा कारभार मुंबईचे व्हिकरच पाहत. पोर्तुगालशी १८८६ मध्ये करार झाल्यावर पोप तेरावे लिओ यांनी भारतात नियमित धर्मप्रांतांची घडी बसविली, त्यात पुणे स्वतंत्र धर्मप्रांत झाले. बर्नार्ड बायडरलिंडेन (कार. १८८६–१९०७) हे पहिले बिशप. तोवरचे काम मुख्यतः सैनिक, रेल्वेचे नोकर व गोवेकर कुटुंबे यांच्यापुरते होते. त्यास छावणीची धर्मसेवा म्हणणेच योग्य.

या धर्मप्रांताला मराठी रूप आले ते अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील खेड्यांमुळे. तेथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून कार्यरत होते. जेझुइट तेथे पोहोचले ते १८७० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे फार उशिरा. केंदळ, वळण, संगमनेर अशी त्यांची केंद्रे होत गेली. धर्मांतर करणारे बहुतांशी महार समाजातील होते. दुष्काळाचा काळ, गावकीचा जाच, शाळेची ओढ आणि श्रद्धा यांपैकी कशाचा वाटा किती, हे ठरविणे अवघड. यास केवळ अन्नासाठी झालेले धर्मांतर म्हणणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे. चर्चमध्ये आल्याने जातही सुटली नाही. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाकारल्या गेल्या आणि गावात दलित, कागदावर मात्र ख्रिस्ती अशी त्यांची कोंडी झाली.

याच भागात काम करणारे हेन्री डोरिंग (१८५९–१९५१) यांनी १९०३ मध्ये केंदळ येथून निरोप्या हे मराठी मासिक सुरू केले. परक्या संघाच्या धर्मगुरूने खेड्यातून मराठी नियतकालिक काढावे, यातच मिशनची बदललेली दिशा दिसते. निरोप्याने पुढे शंभरी ओलांडली. डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. १९१४ मध्ये ते युरोपात असताना महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन म्हणून त्यांना परतता आले नाही. इकडे जर्मन धर्मगुरूंवर नजरकैदेची व मायदेशी पाठवणीची वेळ आली. जर्मनांसाठीची मोठी छावणी अहमदनगरलाच होती, हा विचित्र योग. मिशनचे मनुष्यबळ जवळजवळ संपले. पुढे पुण्याची जबाबदारी प्रामुख्याने स्विस जेझुइटांनी उचलली. डोरिंग यांना १९२१ मध्ये जपानमधील हीरोशिमाचे व्हिकर नेमण्यात आले. तेथून १९२७ मध्ये ते आर्चबिशप ही व्यक्तिगत पदवी घेऊन पुन्हा पुण्याच्या गादीवर आले आणि १९४८ पर्यंत राहिले. बिशपच्या दीर्घ गैरहजेरीत खेड्यांतील मंडळ्या विखुरल्या नाहीत, याचे श्रेय मागे राहिलेल्या मोजक्या धर्मगुरूंइतकेच तेथील मराठी ख्रिस्ती समाजाला द्यावयास हवे.

पहिले भारतीय बिशप अँड्र्यू डिसोझा (कार. १९४९–६७). त्यांच्या काळात, १९५५ मध्ये, कँडी (श्रीलंका) येथील पोपप्रणीत धर्मविद्यालय पुण्यास हलविण्यात आले. मॅथ्यू लेडर्ले या जेझुइटांनी शनिवार पेठेतील ‘स्नेहसदन’मधून हिंदू-ख्रिस्ती संवादाचे काम केले.

धर्मप्रांताचे विभाजन टप्प्याटप्प्याने झाले. बेळगाव १९५३ मध्ये, नासिक १९८७ मध्ये आणि सिंधुदुर्ग २००५ मध्ये वेगळे झाले. यांपैकी नासिकचे विभाजन सर्वांत अर्थपूर्ण. ज्या खेड्यांनी पुणे धर्मप्रांताला मराठी केले तीच त्याबरोबर निघून गेली; हरेगावची मतमाउलीची यात्राही आता त्याच क्षेत्रात भरते. नासिकचे पहिले बिशप थॉमस भालेराव हे मराठी भाषक जेझुइट होते. पुण्याच्या उरलेल्या धर्मप्रांतात शहरी, अनेक भाषा बोलणाऱ्या धर्मग्रामांचे प्रमाण वाढले. पुण्याच्या गादीवर २००९ मध्ये वसईचे थॉमस डाबरे आले व २०२३ पर्यंत राहिले. त्यांचा संशोधनप्रबंध तुकारामांच्या ईश्वरानुभवावर आहे.