लिमा : आधी माणसं आली, मग शहर

दक्षिण अमेरिकेतली महानगरं कशी फुगली, हे आज आपण एका शहराच्या आधारे समजून घेऊ. ते शहर म्हणजे पेरूची राजधानी लिमा.

पिझारोने १५३५ मध्ये हे शहर वसवलं. समुद्राकाठचं वाळवंट, पाऊस जवळजवळ नाहीच, पाणी मुख्यतः रिमाक नदीचं. अशा जागी १९४० च्या जनगणनेत सुमारे साडेसहा लाख माणसं होती. १९६१ मध्ये ती १८ लाखांवर गेली, १९७२ मध्ये ३३ लाखांच्या आसपास. म्हणजे बघा, बत्तीस वर्षांत पाचपट!

ही माणसं आली कुठून? जन्म खूप आणि बालमृत्यू कमी होत चाललेले, हे एक कारण. पण मोठा लोंढा आला तो अँडीज पर्वतातून. तिथली चांगली जमीन मोठ्या जमीनदारांच्या ताब्यात होती. रस्ते झाले, तसा केचुआ बोलणारा शेतकरी मजुरीसाठी आणि पोरांच्या शाळेसाठी खाली उतरू लागला. सरकारने १९६९ मध्ये जमीन सुधारणा आणली खरी, पण तोवर अर्धा डोंगर शहराच्या वाटेला लागला होता.

आता प्रश्न असा, की राहायचं कुठे? जुन्या लिमातल्या दाटीवाटीच्या चाळींत जागा उरली नव्हती. मग लोकांनी एक पद्धत काढली. बरीच कुटुंबं आधी ठरवून रात्रीतून मोकळ्या जागेवर जायची, वेताच्या चटयांच्या झोपड्या उभ्या करायची, वर पेरूचा झेंडा लावायची. या वस्त्यांना 'बारियादा' म्हणत. १९६८ मध्ये सत्तेवर आलेल्या लष्करी सरकारने त्यांचं नाव बदलून 'तरुण गावं' केलं. नाव बदलल्याने नळाला पाणी येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण १९७१ चं. एप्रिलच्या अखेरीस काहीशे कुटुंबांनी पाम्प्लोना भागात जमिनीवर ताबा घेतला. थोड्याच दिवसांत तिथे हजारो कुटुंबं जमली. पोलिसांशी चकमक झाली, त्यात एक जण मेला. वस्तीवाल्यांची बाजू घेणारे बिशप लुईस बांबारेन यांना अटक झाली. यावर इतका गदारोळ झाला की गृहमंत्र्यांना पद सोडावं लागलं. शेवटी सरकारने तडजोड केली आणि लोकांना दक्षिणेच्या वाळवंटात जागा दिली. तेच बिया एल साल्वादोर.

तिथे काय होतं? वाळू! पण आखणी मात्र विचारपूर्वक केलेली होती. चोवीस भूखंडांचा एक गट, अशा सोळा गटांचा एक मोठा गट, आणि त्याच्या मधोमध शाळा, दवाखाना, मैदान यांसाठी मोकळी जागा. प्रत्येक गटाचे प्रतिनिधी लोक स्वतः निवडत. चटईच्या जागी वीट आली, टँकरच्या जागी हळूहळू नळ आले. १९८३ मध्ये ही वस्ती रीतसर जिल्हा झाली. १९८७ मध्ये तिला स्पेनचा प्रिन्स ऑफ अस्तुरियास पुरस्कार मिळाला.

ही गोष्ट गोड नाही, हेही आपण लक्षात ठेवायला हवं. इथल्या महिला संघटनेने सामुदायिक स्वयंपाकघरं आणि मुलांसाठी दुधाची योजना चालवली. तिच्या नेत्या मारिया एलेना मोयानो पुढे उपमहापौर झाल्या. 'शायनिंग पाथ' या सशस्त्र संघटनेला त्यांनी उघड विरोध केला. १५ फेब्रुवारी १९९२ ला त्यांची गोळ्या घालून हत्या झाली आणि मृतदेह सुरुंगाने उडवला गेला. त्या ३३ वर्षांच्या होत्या. गरिबांच्या नावाने लढणाऱ्यांनी गरिबांनीच उभं केलेलं नेतृत्व असं संपवलं.

आता महानगराकडे येऊ. आज लिमा आणि शेजारचं कायाओ बंदर मिळून ९० लाखांहून जास्त माणसं राहतात. रस्त्याने जाताना एक कुठे संपतं नि दुसरं कुठे सुरू होतं, ते कळत नाही. लिमाचा विमानतळसुद्धा कायाओत आहे. तरी दोन्हींचा कारभार वेगळा. माणसं रोज ही हद्द ओलांडतात, अधिकार मात्र हद्दीपाशी थांबतात.

पुस्तकात आपण शिकतो, की आधी आराखडा, मग रस्ते नि पाणी, मग घरं. लिमात बहुतेक ठिकाणी क्रम उलटा झाला. आधी घर, मग झगडा, मग पाणी, आणि सगळ्यात शेवटी कागद. म्हणूनच लोकसंख्येचे आकडे बघताना आपण फक्त 'शहर वाढलं' असं म्हणून थांबू नये. ते वाढवलं कोणी, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हेही विचारायला हवं.

पुढच्या वेळी आपण साओ पावलोकडे जाऊ.