माप कापडाचे, माप बाईचे

आमच्या लहानपणी बेळगावात दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आई खणांची घडी पिशवीत घालून शिंप्याकडे निघायची. सोबत मापाला म्हणून एक जुना ब्लाउज असायचा. शिंपीमामा आमच्याशी मराठीत बोलत आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी कानडीत. आमचे 'माप' ते तिची 'अळती', आमची चोळी ते तिचे 'कुबस'. टेप मात्र दोघींना एकच. चार दिवसांनी ब्लाउज घरी यायचा आणि दंडात रुतला की आईचे वाक्य ठरलेले : "मामांनी या खेपेस बिघडवला ग!" मग तो परत जायचा, मामा शिवणीत ठेवलेली माया सोडायचे आणि ब्लाउज अंगाला येऊन बसायचा. त्या सगळ्या वर्षांत ब्लाउज बिघडला, शिंपी चुकला, कापड आटले. पण आई कधी स्वतःला बिघडलेली समजली नाही.

गेल्या दिवाळीत भाचीबरोबर तयार कपड्यांच्या दुकानात गेले होते. भिंतीवर लांब मानेच्या, काडीसारख्या मुलींची चित्रे. भाची आत जाऊन कुडते घालून पाहायची आणि पडद्याआडून परत द्यायची. चौथ्या वेळी बाहेर आली तेव्हा डोळे भरलेले. म्हणाली, "मावशी, मी यात बसतच नाही." त्या रात्री ती जेवली नाही. मला तिचे वाक्य राहून राहून आठवत राहिले. आईच्या वाक्यात कर्ता कपडा होता, भाचीच्या वाक्यात कर्ता ती स्वतः. दोन पिढ्यांत दोष कपड्याकडून अंगाकडे कसा सरकला, याचा शोध घ्यावा म्हणून हा लेख.

आपल्याकडच्या जुन्या वस्त्रांची नावेच पाहावीत. नऊवारी, सहावारी, पाचवारी. आकडा आहे, पण तो कापडाचा आहे, बाईचा नाही. शहापूरच्या मागावरचे लुगडे असो की इलकलचे, ज्याला आपण इरकल म्हणतो, ते सोळा वर्षांच्या नवरीला होते आणि तिच्या आजीलाही होते. निऱ्या कमी-जास्त केल्या की झाले. बाळंतपणात अंग सुटले, आजारात उतरले, तरी लुगडे तेच. गुळेदगुड्डचा खण तर त्याहून बोलका. खण म्हणजे एका चोळीचे कापड. ओटी भरताना तो नारळासह पदरात घालतात आणि घालणारीला समोरचीची अंगकाठी विचारावी लागत नाही. इकडच्या कानडी घरांत गर्भवतीच्या सोहळ्यालाच 'कुबस' म्हणतात. ज्या दिवसांत बाईचे अंग रोज बदलते त्या दिवसांना चोळीचे नाव मिळाले!

म्हणून जुने सगळे सोन्याचे होते असे मात्र समजू नये. खण अंगकाठी विचारत नव्हता, पण नवरा जिवंत आहे का हे विचारत होता. विधवेच्या ओटीत तो पडत नव्हता. बाईला मोजण्याच्या फूटपट्ट्या तेव्हाही होत्याच; फक्त त्यांवर इंच कोरलेले नव्हते.

सौंदर्याचा नमुनाही होता. राजा रविवर्म्याने बडोद्याच्या दरबारासाठी पुराणप्रसंगांची चित्रे रंगविली आणि १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. त्या देवींची अंगे भरलेली, दंड गोल, चेहरे टपोरे. माहेरी आलेल्या लेकीला "किती वाळलीस ग" म्हणणे हा सासरवर ठपका होता आणि "अंगाने भरलीस" ही शाबासकी. नमुना होता, पण त्या लक्ष्मीच्या मापाचे लुगडे दुकानात टांगून "यात बसून दाखव" असे कोणी म्हणत नव्हते.

ही मापात बसण्याची गोष्ट सुरू झाली दूर पॅरिसमध्ये. पूर्वी तिथली फॅशन परदेशी कळवायची तर नव्या घाटाचे कपडे घातलेल्या बाहुल्या पाठवत. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा इंग्लंडहून आलेला कारागीर एका कापडाच्या दुकानात नोकरीला होता. तिथे मारी व्हेर्ने नावाची मुलगी गिऱ्हाइकांना शाली पांघरून दाखवी. पुढे दोघांचे लग्न झाले आणि १८५८ साली वर्थने भागीदारीत स्वतःची पेढी काढली. मारी त्याचे कपडे घालून गिऱ्हाइकांसमोर चाले. पहिली व्यावसायिक मॉडेल म्हणून इतिहास तिचेच नाव घेतो. मात्र कपडा पसंत पडला की वर्थ तो त्या गिऱ्हाइकाच्याच अंगावर बेतत असे. मारी नमुना दाखवणारी होती, माप ठरवणारी नव्हती.

उलटापालट झाली ती तयार कपड्यांच्या कारखान्यांनी. तिथली रीत समजून घेतल्याशिवाय मॉडेल बारीक का, हे कळत नाही. नव्या हंगामाचा कपडा प्रथम एकाच मापात शिवतात. त्याला सँपल म्हणतात. तोच सँपल एका मुलीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर जातो, छायाचित्रालाही तोच. प्रत्येकीसाठी वेगळा शिवणे परवडत नाही. तेव्हा मुलीच अशा निवडायच्या की सँपल सगळ्यांना व्हावा. बारीक, उंच अंगावर कापड खुंटीवर टांगल्यासारखे सरळ पडते म्हणून सँपलचे मापही लहान ठेवायचे. आमचे शिंपीमामा अंग पाहून कापड कापत. इथे कापड पाहून अंग निवडतात. मग याच मूळ बेतावर ठरावीक इंच वाढवत मोठी मापे काढायची. पण बाईचे अंग काही सगळीकडून सारखे वाढत नाही. खांदे तेवढेच राहतात, पोट सुटते; कुणाचे दंड भरतात, कुणाची कंबर. म्हणून सँपलपासून जितके दूर जावे तितका कपडा बेंगरूळ होतो आणि आरशासमोरची बाई म्हणते, माझेच अंग बेढब.

अमेरिकेत एका बाईने हे फार लवकर ओळखले. लिथुआनियातून आलेली लीना हिमेलस्टाइन ब्रायंट ही शिवणकाम करून पोट भरणारी विधवा. १९०४ साली तिने न्यू यॉर्कमध्ये दुकान काढले. बँकेचे खाते उघडताना 'लीना'चे 'लेन' झाले आणि 'लेन ब्रायंट' हेच दुकानाचे नाव होऊन बसले. आधी तिने गर्भवतींसाठी कपडे शिवले, मग स्थूल बायकांसाठी. त्यासाठी साडेचार हजारांच्या आसपास गिऱ्हाइकांची मापे जमवली. स्थूल बायकांनाही नीट बेतलेला कपडा हवा असतो, एवढी साधी गोष्ट; तिच्यावर एक मोठी पेढी उभी राहिली.

सरकारी पातळीवर मोजदाद झाली १९३९-४० साली. अमेरिकेच्या शेती खात्यातील रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी सुमारे १५ हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. अहवाल १९४१ साली छापला. त्यातून निघाले ते हेच, की केवळ छातीचे माप घेऊन बाकीचे अंग ओळखता येत नाही. शिवाय हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. त्यावर बेतलेले प्रमाण १९५८ साली जाहीर झाले, १९७० साली बदलले आणि १९८३ साली सरकारने ते मागेच घेतले. मग ज्याचे माप त्याच्या हाती. गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून दुकानदारांनी कपडा मोठा आणि आकडा लहान करायला सुरुवात केली. १९५८ च्या प्रमाणातील ८ नंबरची कंबर साडेतेवीस इंच होती. पुढच्या काळातील ८ नंबर त्याहून कितीतरी ऐसपैस. म्हणजे ज्या आकड्यासाठी बाया उपाशी राहतात तो आकडाच रबराचा!

एकीकडे आकडा असा सैल होत होता आणि दुसरीकडे चित्रातली मुलगी बारीक होत होती. १९६६ साली लंडनच्या एका वर्तमानपत्राने सोळा वर्षांच्या लेस्ली हॉर्नबीला त्या वर्षाचा चेहरा ठरवले. डहाळीसारखी म्हणून तिचे नाव ट्विगी. वजन ४१ किलोच्या आसपास. ती उपजतच तशी होती, पण तिच्यासारखे होण्यासाठी इतरांना उपास करावा लागला.

त्याची किंमत २००६ साली उघड झाली. ऑगस्टमध्ये उरुग्वेची २२ वर्षांची लुइसेल रामोस फॅशन शोच्या वेळीच कोसळून मरण पावली. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची २१ वर्षांची आना कारोलिना रेस्तोन गेली. तिचे वजन ४० किलो होते. त्या दोन मृत्यूंच्या मधल्या सप्टेंबरात माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने नियम केला, की वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा १८ पेक्षा कमी असेल तर त्या मुलीला मंचावर येता येणार नाही. पाच फूट चार इंच उंचीच्या मुलीला हे सुमारे ४८ किलो होतात. पुढे इस्रायलने २०१२ साली आणि फ्रान्सने २०१५ साली यासाठी कायदेच केले. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला डॉक्टरचा दाखला लागू लागला आणि अंग बारीक-जाड करून छापलेल्या जाहिरातीवर तसे लिहिणे सक्तीचे झाले.

चित्रे पाहून खरोखर एवढा फरक पडतो का, असे वाचक विचारतील. फिजी बेटांचा दाखला द्यावासा वाटतो. तिथे भरलेले अंग म्हणजे घरच्यांनी जपल्याची खूण, अगदी आपल्यासारखेच. १९९५ साली नाद्रोगा भागात दूरदर्शन संच आले. ॲन बेकर या संशोधिकेने त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याबाबत काळजी वाटावी अशी लक्षणे असलेल्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी आधीच्या पाहणीत एकही नव्हती. तीन वर्षांनी ११.३ टक्के तसे करत होत्या.

आणि दुकानदाराचे काय? बारीक मुलीशिवाय माल खपत नाही, हा त्याचा नेहमीचा युक्तिवाद. २००४ साली इंग्लंडमध्ये एमा हॅलिवेल आणि हेल्गा डिटमार यांनी बायकांना एकाच प्रकारच्या जाहिराती दाखवल्या. काहींत बारीक मॉडेल, काहींत सर्वसाधारण बांध्याची, पण तितकीच देखणी. जाहिरातीचा परिणाम सारखाच झाला. फरक पडला तो एवढाच, की बारीक मॉडेल पाहून बऱ्याच जणींची स्वतःच्या अंगाविषयीची धास्ती वाढली. म्हणजे दुकानदाराला जास्तीचे काही मिळाले नाही आणि बाईचे मात्र गेले. २०१७ साली तिथल्याच दोन शहरांतील दुकानांचे पुतळे तपासले, तेव्हा बाईचा प्रत्येक पुतळा प्रकृतीला घातक इतका कृश निघाला. पुरुषांच्या पुतळ्यांत तसे अवघे ८ टक्के.

आपल्याकडे हे वारे १९९१ नंतर वेगाने आले. १९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी एकाच वर्षी दोन विश्वकिताब मिळवले. १९९६ साली विश्वसुंदरी स्पर्धा बंगळूरला भरली तेव्हा राज्यभर विरोध पेटला आणि पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर न्यावी लागली. भांडण झाले ते अंग किती झाकावे यावर. अंग केवढे असावे हे कोण ठरवणार, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी फारसा विचारला नाही. आणि तोच पुढे आमच्या भाचीच्या वाट्याला आला. आपल्या देशात तयार कपड्यांची मापेही बरीचशी परदेशी तक्त्यांवरून उचललेली. भारतीयांचे स्वतःचे माप काढण्यासाठी सहा शहरांत २५ हजार माणसे मोजण्याची पाहणी २०१८ साली जाहीर झाली. म्हणजे भाचीला जे होत नव्हते, ते मुळात तिच्यासाठी बेतलेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी तिला हे सगळे सांगितले. ट्विगीचे, लेन ब्रायंटचे, रबरी आकड्याचे. ती ऐकत होती, पण पटल्यासारखे दिसेना. शेवटी तिच्या आजीचा एक जुना ब्लाउज काढला आणि उलटा करून शिवण दाखवली. आत दोन्ही बाजूंना बोट-बोट कापड दुमडलेले. मग तिचे नवे कुडते उलटे केले. शिवणीला लागून कापड कापून टाकलेले, उसवायला जागाच नाही.

"आजीच्या ब्लाउजात हे काय ठेवलंय?" तिने विचारले.

"माया," मी म्हणाले. "माणूस बदलणार हे शिंप्याला ठाऊक असायचं."

तिने दोन्ही कपडे बराच वेळ हातात धरून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे कुडत्यातच माया नाही!" आणि त्या दुपारी ती जेवायला बसली.