स्टीम

स्टीम : संगणकीय खेळ विकत घेण्याचे, उतरवून घेण्याचे व अद्ययावत ठेवण्याचे व्यासपीठ. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने ते १२ सप्टेंबर २००३ रोजी सुरू केले. आरंभी ते कंपनीच्याच खेळांपुरते होते. २००५ पासून इतरांचे खेळही विकले जाऊ लागले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये येथे आला.

खाते विनामूल्य उघडते. मात्र पाच डॉलरइतका खर्च होईपर्यंत ते मर्यादित राहते आणि मैत्रीच्या विनंत्या पाठवता येत नाहीत. खरेदी म्हणजे मालकी नव्हे, वापराचा परवाना. हे नवख्यांना सहसा उशिरा उमगते. खेळ चौदा दिवसांच्या आत परत करता येतो, पण तो दोन तासांहून कमी खेळलेला हवा.

महाराष्ट्रातून संयुक्त अरब अमिरातीतील शारजा औद्योगिक क्षेत्रात कामाला गेलेल्याने दुकानाचा देश आधी तपासावा. भारतात किमती रुपयांत, अमिरातीत दिरहमांत दिसतात. देश बदलण्यासाठी तेथे प्रत्यक्ष राहत असणे व तेथीलच कार्डाने पैसे भरणे आवश्यक असते. जुने खेळ खात्यात राहतात. स्वस्ताईसाठी गावाकडचा पत्ता दाखवणे नियमबाह्य आहे. ‘स्टीम फॅमिलीज’मध्ये सहा जणांना खेळ वाटून घेता येतात, पण ती सोय एका घरातील कुटुंबासाठी आहे. कामगार-निवासातील खोलीसोबती कितीही जिवाभावाचे असले, तरी त्यांना ती लागू नाही. इंटरनेट बेभरवशाचे असल्यास खेळ आधी उतरवून ‘ऑफलाइन मोड’ वापरावा. एकट्याने खेळायचे बहुतेक खेळ त्यात चालतात.